वर्षभरासाठी आलेल्या बाई

जून १९६३. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या कार्लटन कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एकवीस वर्षांची एक मुलगी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आली. काम होतं इंग्रजीची ट्यूटर म्हणून शिकवण्याचं आणि मुदत मार्च १९६४ पर्यंतची, म्हणजे आपल्याकडचं बरोबर एक शैक्षणिक वर्ष. पावसाबरोबर वर्ग सुरू व्हायचे आणि परीक्षा तोंडावर आल्या की पाहुण्या शिक्षिकेने सामान बांधायचं. तिनेही ते बांधलं आणि ती रीतसर परत गेली.

तिचं नाव गेल ऑम्व्हेट. पुढे ती पुन्हा आली, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून झाली, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच गावात तिने शेवटचा श्वास घेतला. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळ यांवर इंग्रजीत गंभीरपणे काही वाचायचं तर आजही सुरुवात तिच्या पुस्तकापासून करावी लागते. त्या पहिल्या वर्षी तिने कोणाला किती इंग्रजी शिकवलं, हे आज कोणी विचारत नाही. विचारावं असं आहे ते वेगळंच. परक्या देशात वर्षभर इंग्रजी शिकवून झाल्यावर शिकवणाऱ्याचं काय होतं?

असं वर्ष जगभर लाखो तरुणांनी काढलं आहे. भारत आणि अमेरिका यांच्यातला फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. १९६१ पासून पीस कोअर या अमेरिकी योजनेचे स्वयंसेवक भारतात येऊ लागले. १९७६ पर्यंत त्यांची संख्या चार हजारांवर गेली. त्यांतले काही कुक्कुटपालनाला लागले, काही आरोग्याच्या कामाला, काही वर्गात खडू घेऊन उभे राहिले. जपानने १९८७ मध्ये ‘जेट’ नावाची योजना काढून परदेशी तरुणांना थेट आपल्या सरकारी शाळांत बसवलं. नाव कोणतंही असो, साचा एकच. उमेदवार विशी-पंचविशीतला, शिकवण्याचा अनुभव बेताचा, आणि त्याची मुख्य पात्रता अशी की ती भाषा त्याला जन्मानेच मिळालेली असते. शाळेचा रस्ता, वर्गातली नावं, हेडमास्तरांचा स्वभाव, जेवणाच्या वेळा हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत दिवाळी उलटते. काम खऱ्या अर्थाने सुरू होतं तेव्हा परतीचं तिकीट काढायची वेळ झालेली असते.

या वर्षाचा अभ्यासही झाला आहे, आणि योगायोग असा की तो फुलब्राइटवाल्यांचाच आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइटवर अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन मंडळींचे अनुभव तपासून १९५५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सुरुवातीला सगळं नवलाचं आणि आनंदाचं वाटतं, काही महिन्यांनी माणूस खचतो, एकटा पडतो, आणि बऱ्याच काळाने पुन्हा सावरतो, असं त्यांना आढळलं. हा खड्डा साधारण सहा महिने ते दीड वर्ष या टप्प्यात सर्वांत खोल असतो. हे वाचलं की एका वर्षाच्या नेमणुकीतली गोम लक्षात येते. ती बरोबर खड्ड्याच्या तळाशी संपते. माणूस परततो तो गोंधळलेला असतानाच.

पुढे १९६३ मध्ये, गेल भारतात आली त्याच वर्षी, जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने या निष्कर्षाला आणखी एक तुकडा जोडला. परदेशी राहून आलेल्या अमेरिकी अभ्यासकांना त्यांनी गाठलं, तेव्हा कळलं की घरी परतल्यावर हाच खड्डा दुसऱ्यांदा येतो. आपलं गाव तेच असतं, आपण मात्र थोडे हललेले असतो. मित्र दोन प्रश्न विचारतात आणि तिसऱ्या वाक्याला विषय बदलतात. जाताना ‘तिकडे जुळवून घ्यावं लागेल’ अशी मनाची तयारी केलेली असते. घरी परतताना अशी तयारी कोणी करत नाही.

परतलेली गेल १९६४ च्या शरदात बर्कले विद्यापीठात समाजशास्त्र शिकू लागली. त्याच शरदात त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं आंदोलन पेटलं. नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम युद्धाला विरोध, काळ्यांचा लढा, सगळं एकाच वेळी ढवळून निघालं होतं. भारतात वर्षभर राहून आलेल्या मुलीने याच सुमारास जातीकडे वर्णभेदाच्या शेजारी ठेवून पाहायला सुरुवात केली, असं मानायला तिचं पुढचं लेखन भरपूर आधार देतं. पीएच.डी.साठी तिने विषय निवडला पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. १९७१ हे सबंध वर्ष संशोधनासाठी मिळालं आणि ती पुन्हा भारतात, महाराष्ट्रात आली. या खेपेला शिकवायला कोणी नव्हतं, शिकायचंच होतं. मराठी शिकायची, मराठीतली जुनी वृत्तपत्रं आणि पुस्तिका वाचायच्या, जुन्या कार्यकर्त्यांना गाठायचं. त्या फिरतीत तिची भेट कासेगावच्या इंदुताई पाटणकरांशी झाली. स्वातंत्र्यलढ्यात घर सोडून उतरलेली ही बाई पुढे तिची सासू झाली. इंदुताईंचे चिरंजीव डॉ. भारत पाटणकर यांच्याशी गेलचं लग्न १९७६ मध्ये झालं. प्रबंधाचं पुस्तकही त्याच वर्षी निघालं.

पहिल्या वर्षी ती आली होती इंग्रजी द्यायला. शेवटी तिने जे केलं ते नेमकं उलट्या दिशेचं होतं. मराठीतलं जे जगाला ठाऊक नव्हतं ते तिने इंग्रजीत नेलं. विदर्भाच्या वाचकाला यातलं एक उदाहरण विशेष जवळचं वाटेल. नागपूरच्या महारपुऱ्यात वाढलेल्या वसंत मून यांचं ‘वस्ती’ हे आत्मकथन. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादक म्हणून मून यांना सगळे ओळखतात, पण त्यांची वस्ती, तिथले आखाडे, समता सैनिक दल, पोटातली भूक आणि अभ्यासाची ओढ हे सगळं ‘वस्ती’त आहे. गेल ऑम्व्हेट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९६३ च्या त्या नेमणुकीचा खरा शेवट कोणता म्हणायचा, तर मला वाटतं, हा.

फुल्यांच्या गोष्टीत अमेरिकेहून आलेली एक शिक्षिका आधीपासूनच होती, हे इथे सांगायला हवं. सिंथिया फरार नावाच्या मिशनरी बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये मरेपर्यंत या देशातच राहिल्या. १८४८ च्या सुमारास तरुण जोतीरावांनी नगरला जाऊन त्यांची शाळा पाहिली आणि आपणही मुलींसाठी शाळा काढावी या विचाराला बळ मिळालं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरच्या याच फरारबाईंकडे. सव्वाशे वर्षांनी दुसरी अमेरिकी बाई येते आणि जोतीरावांच्या चळवळीवर प्रबंध लिहिते. असे धागे शोधून कोणी विणत नाही. माणसं एखाद्या जागी पुरेशी थांबली की ते आपोआप विणले जातात.

थांबण्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि शाळेच्या दृष्टीने ती गेलच्या गोष्टीपेक्षाही मोलाची आहे. मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये भारतात आल्या, त्याही इंग्रजी शिकवायलाच. त्यांनी दोन वर्षं हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात शिकवलं. निजामाच्या राजवटीत मराठी मंडळींनी उभी केलेली ही संस्था. तेलुगू आणि उर्दूच्या शहरात या अमेरिकी बाईंच्या कानावर पडली ती सहकाऱ्यांची मराठी. मुदत संपल्यावर त्या परतल्या आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्र शिकू लागल्या. १९६६ मध्ये संशोधनासाठी त्यांनी गाठलं सातारा जिल्ह्यातलं फलटण. एकाच गावात जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे मराठी कशी बदलते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. हा विषय त्या काळी आपल्याकडच्या किती जणांना प्रबंधालायक वाटला असता, याची शंका आहे. ‘अशुद्ध बोलतात’ एवढ्यावर आपण तो मिटवला होता आणि अजूनही मिटवतो.

मॅक्सीनबाईंनी मिटवला नाही. कादंबरीकार जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारी पुस्तकं, व्याकरण आणि शब्दकोश तयार केले. पुण्यात येणाऱ्या अमेरिकी कॉलेजांतल्या मुलांना त्या वर्षानुवर्षं मराठी शिकवत राहिल्या. इंग्रजीच्या शिक्षिकेची मराठीची शिक्षिका झाली. आणि फलटणच्या दलित वस्तीत फिरताना त्यांना एक गोष्ट खुपत गेली. शाळेच्या पटावर नावं असलेली मुलं तीन-चार वर्षं शाळेत जाऊनही वाचू शकत नव्हती. मूल मठ्ठ आहे, घरी अभ्यास घेत नाहीत, ही नेहमीची उत्तरं त्यांना पटेनात. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली, मराठी माध्यमाची. कमलाताई निंबकर या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, लग्न होऊन इथे आलेल्या. भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं ते त्यांनीच. म्हणजे या शाळेच्या पाटीवर एका अमेरिकी बाईंचं मराठी नाव आणि आत दुसऱ्या अमेरिकी बाई, ज्यांना मुलं मॅक्सीनमावशी म्हणत.

त्यांच्या वाचन-पद्धतीचं मर्म सोपं आहे. सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या वाटेने गेलं की महिनोन्‌महिने मुलाच्या हाती अर्थ म्हणून काही लागत नाही. त्याऐवजी मोजकी अक्षरं आणि त्यांबरोबरच एखादी काना-वेलांटी असा एक गट घ्यायचा. मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच खरे, ओळखीचे शब्द वाचता यायला हवेत आणि त्यातून स्वतःचे शब्द लिहिता यायला हवेत. मूल घरी जे बोलतं त्याला वर्गात जागा मिळते, तेव्हा हे जमतं. पुढे कितीतरी वर्षांनी मॅक्सीनबाई पुन्हा हैदराबादेत राहायला गेल्या आणि टाटा समाजविज्ञान संस्थेत लहान मुलांच्या वाचन-लेखनाच्या कामातच रमल्या.

उलट दिशेचा प्रवास केलेली मराठी नावंही आहेत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात एकीकडे त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावर धर्मगुरूंनी वाद घातला आणि रमाबाईंनी त्यांना पत्रांतून ठणकावून उत्तरं दिली. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी १९२९-३० मध्ये लेनिनग्राडमध्ये पाली शिकवली. दोघेही परतले आणि पाहिलेलं इथल्या कामाला लावलं.

परक्या भाषेचा वर्ग आणि पाहुणा शिक्षक पाहायला मात्र परदेशी जायला नको. आता गोंदिया जिल्ह्यात या. तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा बाहेरच्यांना माहीत आहे ते तलावामुळे. डोंगरांच्या कुशीत अडवलेलं पाणी, भोवती नागझिऱ्याचं जंगल, हिवाळ्यात उतरणारे परदेशी पक्षी. नागपूर-रायपूरचे पर्यटक सुट्टीला येतात, दुर्बिणी लावतात आणि संध्याकाळी मंगेझरीच्या वाटेने परततात. इथल्या मुलांच्या तोंडी काय काय भाषा आहेत, हे ऐकायला कोणी येत नाही. आणि त्या तर थक्क करणाऱ्या आहेत. आसपासच्या गावांत गोंडांच्या घरी गोंडी, पोवारांच्या घरी पोवारी, इतरांकडे झाडीबोली, बाजारात आणि रेल्वेस्टेशनवर हिंदी. तिरोड्याला वीजप्रकल्प आल्यापासून हिंदी आणखी जवळ आली. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश हाकेवर. पाठ्यपुस्तक मात्र पुण्याहून येतं.

इथल्या शाळेच्या वर्गात इंग्रजी पहिलीपासून आहे. महाराष्ट्राने २००० साली सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा चर्चा झाली ती मराठी विरुद्ध इंग्रजी अशी. या झाडीपट्टीतल्या मुलासाठी प्रश्न तसा नव्हताच. पहिल्या आठवड्यातला धडा घ्या. गुरुजी इंग्रजीत नाव विचारतात, मग अर्थ सांगतात, ‘तुझं नाव काय आहे?’ पोवारी घरातल्या मुलाला घरी आलेला पाहुणा विचारतो, ‘तोरो नाव का से?’ म्हणजे इंग्रजी समजावण्यासाठी जी पायरी बांधली, तीच या मुलाच्या पायापासून हातभर उंच आहे. गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलीसाठी तर ती भिंतच, कारण गोंडी मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे, ती तेलुगूच्या कुळातली.

आणखी एक बारीक गोष्ट. झाडीबोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. पाण्याचं ‘पानी’ होतं, डोळ्याचा ‘डोरा’ होतो. मराठीच्या तासाला मूल ‘पानी’ म्हणालं की त्याला दुरुस्त केलं जातं, कधी रागावून, कधी सगळ्या वर्गाच्या हसण्यात. पुढच्याच तासाला इंग्रजी असतं. इंग्रजीतही ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. तिथे मुलाचा ‘न’ अगदी बरोबर असतो, पण त्याबद्दल शाबासकी कोणी देत नाही, कारण तो बरोबर आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तोवर मूल तोंड मिटायला शिकलेलं असतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत राहून झाडीबोलीचा अभ्यास केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली, ती याच मिटलेल्या तोंडांसाठी होती असं म्हणायला हवं. शाळेच्या खोलीपर्यंत मात्र ते काम अजून पुरेसं पोहोचलेलं नाही.

आणि या खोलीतले शिक्षक? त्यांतले कितीतरी स्वतः पाहुणे. मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून, खानदेशातून नोकरीसाठी गोंदिया-गडचिरोलीत आलेले तरुण शिक्षक. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरून ठेवलेला, घरी म्हातारे आई-वडील, इथे भाड्याची खोली. पासपोर्ट लागत नाही, पण पहिल्या दिवशी वर्गात जे ऐकू येतं त्यातलं अर्धं कळत नाही. लिसगार्डने लिहिलेला तो खड्डा त्यांच्याही वाट्याला येतो, फक्त त्याला शिष्यवृत्तीचं नाव नसतं. यांच्यावर ‘मन लावून शिकवत नाहीत’ असा शिक्का मारणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. परक्या भाषेच्या मुलांना तिसरी भाषा शिकवण्याचं काम जगात अवघड मानलं जातं. आपण ते नेमणुकीच्या आदेशावर उरकून टाकतो.

फलटणचा अनुभव इथे जसाच्या तसा चालणार नाही. तिथे प्रश्न मराठीच्या आतल्या भेदांचा होता, इथे भाषाच तीन-चार आहेत. पण काम कुठून सुरू करायचं, ते तिथून कळतं. मॅक्सीनबाईंनी शिकवण्याआधी काही वर्षं ऐकलं होतं. गेल ऑम्व्हेट दुसऱ्या खेपेला वही घेऊन आल्या होत्या. शेजारच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. सरकारी मान्यतेच्या कचाट्यात ती सापडली तरी गावाला काय हवं आहे ते तिने स्पष्ट केलं. ग्रामसभा हे करू शकते, तर जिल्हा परिषदेच्या शाळेला त्याहून लहान एक गोष्ट करता येईल.

शाळेच्या कपाटात हजेरीपट असतो, पोषण आहाराची नोंदवही असते, साहित्याची यादी असते. बदली झाली की गुरुजी या सगळ्याचा पदभार सही घेऊन सोपवतात. मुलांच्या भाषेबद्दल त्यांना जे कळलेलं असतं ते मात्र त्यांच्याबरोबर बसमध्ये चढून निघून जातं. नवा माणूस पुन्हा शून्यावर. त्या कपाटात आणखी एक वही असावी. कोणत्या घरात कोणती बोली आहे, पहिलीच्या मुलांनी आपणहून उच्चारलेले शंभर-दोनशे शब्द, त्यांच्यापुढे मराठी आणि इंग्रजी शब्द, कोणता धडा पोवारीत समजावल्यावर चटकन कळला, कोणत्या मुलीची आजी गोंडी गोष्टी सांगायला वर्गात येऊ शकते. रोवणीच्या दिवसांत बांधावर जाणारी मुलं कोणती आणि मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणारी कोणती, हेही त्यात असावं, कारण ती परतल्यावर बुडालेला धडा त्याच शब्दांतून भरून काढता येतो. दर वर्षी एप्रिलमध्ये निकालाची कामं आटोपली की शिक्षकाने त्यात आपली चार पानं घालावीत. लातूरहून किंवा धुळ्याहून येणारा पुढचा गुरुजी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी, हजेरीपटाबरोबर ती वही मागून घेईल आणि पहिल्याच सकाळी वर्गात शिरताना विचारेल, ‘तोरो नाव का से?’